तूप नको, ताक नको, गलमोही नको

मासे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले होते, पण दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मध हे सारेच बंद करायचे ठरवले तेव्हा घरच्या स्वयंपाकात फारसे काही बदलावे लागले नाही. खरी पंचाईत झाली ती दुपारच्या जेवणाची. माझे कार्यालय पणजीत पाटो भागात आहे, राहते मी डिचोलीला, आणि सकाळची कदंबची बस गाठायची असल्यामुळे रोज डबा करून घेऊन निघणे जमत नाही. जेवणाची सुटी मोजकी असते. तेवढ्या वेळात पाटोचा पूल ओलांडून शहरात जायचे, काहीतरी बांधून घ्यायचे आणि परत येऊन टेबलावर जेवायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता आणि तो मोडण्याची माझी इच्छा नव्हती. जेवण पोटभर हवे, खिशाला परवडणारे हवे, आणि त्यात प्राण्यापासून आलेले काही नसल्याची खात्री हवी, एवढीच माझी अपेक्षा होती.

सुरुवात अर्थातच मोबाईलपासून केली. स्विगी आणि झोमॅटोवर शाकाहारी पदार्थांची चाळणी लावली की पडद्यावर पनीर, मलई, माखनी आणि चीज यांचा पूर येतो, कारण आपल्याकडे शाकाहारात दूध गृहीतच धरलेले असते. ‘व्हीगन’ असा शब्द घालून शोधले तेव्हा जी नावे समोर आली ती जवळजवळ सगळी किनारपट्टीची होती: उत्तरेला हणजूण, वागातोर, आसगाव, मोरजी, मांद्रे आणि दक्षिणेला थेट काणकोणात पाळोळे, आगोंद. वागातोरच्या ‘बीन मी अप’चे नाव मला अनेकांनी सांगितले. एका रविवारी वेळ काढून त्या भागात फिरून आले. तिथल्या उपाहारगृहांतून टोफू, काजूची साय, बदामाचे दूध, हमस असे सगळे मिळते, पदार्थपत्रिकेवर प्रत्येक पदार्थापुढे खूण असते आणि वाढणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. परंतु ती व्यवस्था पर्यटकांसाठी उभी राहिलेली आहे. तिथल्या एका ताटाच्या पैशांत पणजीत आठवड्याच्या दुपारी निघतात, पावसाळ्यात त्यांतली बरीच ठिकाणे बंद होतात, आणि तिथून पाटोपर्यंत जेवण मागवणे हा विचारच करायला नको. सुटीच्या दिवशी मित्रमंडळींसोबत जायला ती ठिकाणे उत्तम आहेत, पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या रोजच्या जेवणाला त्यांचा उपयोग नाही.

मग पणजीतल्या उडुपी पद्धतीच्या शाकाहारी उपाहारगृहांकडे वळले. इथे इडली निर्धास्त खावी. तांदूळ, उडीद आणि मीठ यांपलीकडे तिच्यात काही नसते. सांबारही बहुधा चालते, मात्र फोडणी तेलाची की तुपाची हे विचारावे लागते. साध्या डोशाच्या पिठात काही नसले तरी तव्यावरचा आचारी सवयीने वरून लोणी किंवा तूप सोडतो, म्हणून ‘तेलावर करा’ हे मागणी देतानाच सांगायला हवे, कारण डोसा ताटात आल्यावर बोलून उपयोग नसतो. रवा डोशात अनेक ठिकाणी ताक घालतात. मंगळुरी बन दिसायला निरुपद्रवी, पण केळ्याबरोबर त्यात दहीही मळलेले असते. खोबऱ्याच्या चटणीतही क्वचित दही असते, आणि ते चवीला लगेच कळते असे नाही. उपमा तुपावर परततात, शिऱ्याबद्दल बोलायलाच नको. पोटभरीचे जेवण हवे असेल तर पुरी-भाजी बरी पडते. एकूण उडुपी हॉटेल हा अडीअडचणीचा आधार आहे. रोज इडली-सांबार खाणे मला तरी शक्य झाले नाही.

खरा शोध लागला तो नाश्त्याच्या टेबलावर. गोव्यातला भाजी-पाव हा मुंबईच्या पावभाजीचा कोणी लागत नाही. मुंबईच्या तव्यावर लोण्याचा गोळा पडल्याशिवाय पावभाजी होत नाही, तर इथल्या भाजीत लोण्याचा संबंधच नसतो. पातळ भाजी म्हणजे सुक्या वाटाण्यांची, नारळाच्या वाटणातली. सुकी भाजी म्हणजे हळद-मोहरीच्या फोडणीतला बटाटा. आणि दोन्ही एका बशीत हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचे. याशिवाय टोमॅटोची, चण्याची, अळसांद्यांची म्हणजे मोठ्या चवळीची, अळंब्यांची भाजी ठिकाणाप्रमाणे आणि वाराप्रमाणे मिळते. पणजीत कॅफे भोसलेचे नाव या प्रकारासाठी कुणालाही ठाऊक असते, आणि बाजाराच्या आसपास व जुन्या गल्ल्यांतून अशी छोटी उपाहारगृहे अजून बरीच तग धरून आहेत. सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या वेळेला तिथे जागा मिळत नाही, आणि अकरा वाजून गेले की चांगल्या भाज्यांची पातेली तळाला लागतात. म्हणून बसमधून उतरल्याबरोबर भाजी बांधून घेण्याचा रिवाज मी लावून घेतला. भाजी स्टीलच्या डब्यात, पाव वेगळ्या कागदात. दुपारी फक्त डबा उघडायचा.

पावाचा प्रश्न त्यामानाने सोपा निघाला. साधा पाव आणि उंडो यांत मैदा, पाणी, मीठ, साखर आणि खमीर एवढेच असते. पोई कोंड्याच्या पिठाची. पूर्वी तिच्यासाठी माडाची सूर वापरून पीठ फुगवीत, आता बहुतेक भट्ट्यांतून यीस्ट वापरतात, आणि दोन्हींत दुधाचा अंश नाही. तरीही आमच्या गावात सायकलवरून येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, मी एकदा विचारून घेतले. पावात दूध घालायला परवडते कुणाला, असे तो हसत म्हणाला, आणि हे उत्तर मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक विश्वासाचे वाटले. बेकरीतले गोड बन, ब्रेड आणि केक यांना मात्र हा नियम लागू करू नये. पोईचा एक फायदा असा की ती मधोमध चिरली की आत पिशवीसारखी पोकळी असते. तिच्यात अळसांद्यांचे घट्ट तोणक (वाटणातली उसळ) आणि कच्चा कांदा भरला की हातात धरून खाता येईल असे पुरेसे जेवण होते, रस कागदावर उतरत नाही आणि चमच्याचीही गरज लागत नाही.

खाणावळींत शिरले तेव्हा विषय अधिक गुंतागुंतीचा झाला. पणजीच्या बाजाराजवळच्या खाणावळीत दुपारी ताट म्हणजे शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला मासा, एखादी भाजी आणि सोलकढी. यांतले मासे वगळून बाकीचे बांधून घ्यावे असे कुणालाही वाटेल. सोलकढी नारळाच्या रसाची आणि आमसुलांची, म्हणजे तिच्याबद्दल शंकाच नको. भाजी तांबडी होती, वर ओले खोबरे भुरभुरलेले, आणि बारकाईने पाहिले तर पानांत करड्या रंगाचे, नखाएवढेही नसलेले काहीतरी चिकटलेले दिसत होते. काउंटरवरच्या बाईला भाजीत मासे आहेत का म्हणून विचारले, “भाजयेंत नुस्तें आसा?” ती म्हणाली, “ना बाय, नुस्तें ना. थोडो गलमो घाला, इतलेंच.”

गलमो म्हणजे सुका जवळा. तिच्या हिशेबी ते उत्तर अगदी प्रामाणिक होते, कारण गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांतून पालेभाजीला, दुधीला, पडवळाला चव यावी म्हणून सुकी सुंगटे (कोळंबी) किंवा गलमो घालण्याची पद्धत आहे आणि त्याची गणना माशात कुणी करीत नाही. मसाल्याच्या रांगेतच ते बसते. तेव्हापासून मी नुसते ‘मासे आहेत का’ असे विचारीत नाही, तर तूप, ताक, दही आणि गलमो यांची नावे घेऊन एकेक विचारते. तशीच गोष्ट कापांची. निरफणसाचे, सुरणाचे, ताळगावच्या मोठ्या वांग्याचे रवा लावून तळलेले काप दिसायला अत्यंत मोहक असतात आणि त्यांत प्राणिज काही नसते, पण ज्या तव्यावर सकाळपासून बांगडे तळले गेले त्याच तव्यावर, त्याच तेलात ते तळले जातात. हे ज्याचे त्याने ठरवावे; मी असे काप घेत नाही.

मी विचारपूस करून निघाले तेव्हा ती बाई म्हणाली, “तर सोमारा यो.” या तीन शब्दांनी माझे निम्मे काम केले. गोव्यात पुष्कळ हिंदू कुटुंबे सोमवारी मासे खात नाहीत, काही गुरुवारीही पाळतात, आणि ज्या खाणावळींचे गिऱ्हाईक त्या समाजातले आहे त्यांचा स्वयंपाकही त्या दिवशी बदलतो. सोमवारी त्याच काउंटरवर शिवराक, म्हणजे शाकाहारी, ताट असते: वरण, अळसांद्यांचे किंवा अळंब्यांचे तोणक, केळफुलाची भाजी, कधी खतखते, लोणचे आणि सोलकढी. तवाही धुतलेला असतो. इतर दिवशी मासे न खाणाऱ्यापुढे जी उरलीसुरली भाजी ठेवली जाते, तिच्याशी या ताटाची तुलनाच होऊ शकत नाही, कारण त्या दिवशी स्वयंपाकिणीचे सगळे लक्ष याच पदार्थांवर असते. श्रावणात तर महिनाभर ही चैन असते. मात्र सोमवारी गलमो जातो आणि तूप येते, हे लक्षात ठेवावे लागते. शिताच्या मुदीवर तुपाची धार, कोशिंबिरीत दही आणि गोडाला दुधाची खीर हे शिवराक जेवणाचे मान समजले जातात. नारळाच्या रसातले मणगणे (चणाडाळीची खीर) असेल तर मी खुशीने घेते, पण त्यातले काजू तुपात परतले आहेत का, ही चौकशी सुटत नाही. माझी बहीण म्हणते की मी जेवायला जात नाही, पंचनामा करायला जाते.

चौकशी करण्याचीही एक रीत असते. गर्दीच्या वेळी, मागे रांग उभी असताना, तत्त्वज्ञान सांगू नये. मला अमुक का चालत नाही हे ऐकण्यात वाढप्याला रस नसतो. तूप नको, दही नको, तेलाची फोडणी चालेल, एवढे तीन तुकड्यांत सांगितले की तो आत ओरडून सांगतो आणि काम होते. ‘दूध चालत नाही, पोट बिघडते’ असे म्हटले तर अधिक काळजी घेतात असा सल्ला मला दिला गेला होता, पण खोटे बोलायची गरज मला कधी भासली नाही. ॲपवरून मागवताना मात्र सूचनेच्या चौकटीत लिहिलेला मजकूर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेलच याचा भरवसा नसतो. एका ठिकाणाहून ‘बटर नको’ असे लिहूनही डाळीवर लोण्याची चकती तरंगत आली. म्हणून मी सकाळी फोन करून थेट बोलते आणि स्वतः जाऊन आणते. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात नान टाळून तंदुरी रोटी बिनलोण्याची मागवावी, कारण नानच्या पिठात दही किंवा दूध असते. रश्श्याच्या भाज्यांत काजू वाटलेला असतो तसेच क्रीमही असते, आणि आयत्या वेळी ते वगळता येत नाही. वाटण सकाळीच करून ठेवलेले असते.

तरीही आठवड्याचे उरलेले दिवस हाताशी काही पक्के नव्हते. ती सोय शेवटी एका सहकाऱ्याच्या ओळखीने झाली. पणजीच्या मळा भागात राहणाऱ्या एक काकी आसपासच्या कचेऱ्यांना मोजके डबे देतात. त्यांना सगळे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मगीर तूं जेवता कितें?” पण लगेच त्या स्वतःच बोटांवर मोजू लागल्या. खतखत्यात सुरण, कच्ची केळी, भोपळा, मुळा, शेंगा, तूरडाळ, नारळ, गूळ, आमसूल आणि तिरफळ. त्यात दूध कुठे आले? मुगागाठी, तोणक, केळफूल, मोहरी-नारळाच्या वाटणातले आंब्याचे सासव, अळसांदे, चण्याचे रस, कशातच नाही. आमच्याकडे जेवणाला जो स्निग्धपणा येतो तो नारळाने येतो, आणि आपण जे रांधत आलो आहोत त्यात दुधातुपाची जागा किती थोडी आहे हे त्यांचे त्यांनाच उमगत गेले. बदल दोनच करावे लागले. चपातीला तुपाचा हात लावायचा नाही, आणि कोशिंबिरीत दह्याऐवजी खवलेला नारळ व लिंबू घालायचे. वरणावर शेवटी तुपाची फोडणी ओतायची त्यांची सवय जाता जाईना, तेव्हा त्यावर उपाय त्यांनीच काढला: फोडणीपूर्वी माझा वाटा बाजूला काढायचा, त्याला खोबरेल तेलात मोहरी-कढीपत्त्याची वेगळी फोडणी द्यायची आणि सगळ्यांत आधी माझा डबा भरून झाकण लावून टाकायचे.

त्यांच्या मुगागाठी मी एकदा करताना पाहिल्या. मोड आलेले मूग त्या कोमट पाण्यात भिजत घालतात आणि दोन्ही तळव्यांत हलके चोळतात. साले पाण्यावर तरंगून येतात, ती वरचेवर ओतून टाकायची, पुन्हा पाणी घालायचे, पुन्हा चोळायचे, असे सगळे दाणे पिवळे आणि सोललेले होईपर्यंत चालते. मग नारळ, मिरची आणि धणे यांचे वाटण, आमसूल, गुळाचा खडा. एवढी मेहनत कुठल्याही हॉटेलात कुणी घेत नाही, आणि म्हणूनच हा पदार्थ तिथे क्वचितच मिळतो. पोटाला आधार देणाऱ्या पदार्थांत मी याला सर्वांत वरचे स्थान देईन. टोफू त्यांनी एकदा आणून केला, पण रबर शिजवल्यासारखे वाटते म्हणून पुन्हा हात लावला नाही. माझीही तक्रार नव्हती.

डब्याबाबत एक व्यवहाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नारळ हा उन्हाळ्यात विश्वासाचा सोबती नाही. कच्च्या नारळाच्या वाटणातली आमटी मे महिन्यात सकाळी भरली तर दुपारपर्यंत आंबूस वास मारू लागते, तर भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे तोणक त्याच उकाड्यात व्यवस्थित टिकते. त्यामुळे फेब्रुवारी उलटला की काकी कच्च्या वाटणाचे पदार्थ मागे ठेवतात, आणि सासव केलेच तर आंबे व वाटण वेगवेगळ्या कप्प्यांत देतात, खाताना मिसळायचे. सोलकढी बाटलीत भरून आणली तर कार्यालयाच्या शीतकपाटात ठेवावी, आणि ती गरम करण्याच्या फंदात पडू नये, रस फाटतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली सोलकढी मी घेत नाही, कारण बसच्या धक्क्यांत तिची गाठ सुटते आणि आमसुलाचे डाग साडीवरून निघत नाहीत.

पावसाळा हा या जेवणाचा सर्वांत चांगला काळ. बाजारात गावठी भाजीवाल्या टायकिळा, कुड्डुक असे पाले आणि किल्ल म्हणजे बांबूचे कोंब घेऊन बसतात, रानातली अळमी (अळंबी) पानात बांधून येतात आणि त्यांचा भाव ऐकून माशाचे गिऱ्हाईकही दचकते. अळम्यांची शाकुती (भाजलेल्या मसाल्याचा रस्सा) ज्याने खाल्ली आहे त्याला शाकाहारात काही उणे पडते असे सांगून पाहावे.

मधल्या वेळच्या खाण्याचे मात्र अजून नीट बसलेले नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका येथे कामाचा नाही, कारण तो दूध आणि मध दोन्ही चालवून घेतो. बहुतेक बिस्किटांत दुधाची पूड असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षरावर पान असलेली हिरवी खूणही ठरवली, पण ती खूण असलेली पाकिटे महाग असतात आणि ती मोठ्या दुकानांतच दिसतात. मी जत्रेतून आणलेले खाजे डब्यात ठेवते. बेसनाच्या कांड्या, गूळ, आले आणि तीळ, याहून अधिक काही त्यात नसते, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चहा सोडवला नाही, म्हणून कोरा, आले घातलेला. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, तेव्हा त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू केली. हे कुणी विसरू नये.

आता आठवडा असा लागला आहे की सोमवारी खाणावळीतले शिवराक ताट, शुक्रवारी भाजी-पाव आणि मधले दिवस काकींचा डबा. चतुर्थीच्या दिवसांत काकी डबे बंद ठेवतात आणि पणजीतली बरीच छोटी उपाहारगृहेही उघडी नसतात, म्हणून सुटीनंतरचे एक-दोन दिवस पुरेल एवढे तोणक मी घरूनच करून नेते, आणि पोदेराला आदल्या दिवशी चार पोई जास्त द्यायला सांगून ठेवते.